सोळा आठवड्यांची खातेवही: हॅट्रिकमध्ये पैसा नेमका जातो कुठे

आधी तुमचा प्रश्न माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे मला नीट समजलाय का ते कळेल. हॅट्रिक या ऑनलाइन फुटबॉल क्लब चालवायच्या खेळात तुमचा दीड सीझन झालाय. सुरुवातीला दोन-तीन चांगले सौदे जमले आणि खात्यात खेळातले ९ लाख युरो साठले. त्यातले ६ लाख ८० हजार घालून तुम्ही तीन परदेशी खेळाडू घेतले. टीम तक्त्यात तिसरी आली. आज, ११ आठवड्यांनी, शिल्लक उणे १ लाख ४० हजार दिसतेय. तुम्ही लिहिलंय, ‘घरच्या सामन्याच्या आठवड्याला मला नफा होतो, तरी पैसा टिकत का नाही? स्टेडियम १२ हजार जागांचं २० हजार जागांचं करू का, की कुणाला विकू?’

सगळे आकडे दिलेत हे फार बरं केलंत. बहुतेक जण ‘पैसे संपतायत, वाचवा’ एवढंच लिहितात आणि मग दहा जण दहा औषधं सुचवतात.

मी हा खेळ दहा-अकरा वर्षं खेळतोय. दिवसा कोल्हापूर जिल्ह्यातल्या एका साखर कारखान्याच्या हिशेब विभागात असतो. तिथला गळीत हंगाम चार-पाच महिन्यांचा, पगार मात्र बारा महिन्यांचे. कारखान्यात नवीन लागलेलं पोरगं भर हंगामात बँकेची शिल्लक बघून हरखतं, तेव्हा जुने लोक नुसते हसतात. तुमच्या क्लबचं अगदी तेच झालंय, म्हणून हे उत्तर थोडं लांबणार आहे.

घरच्या सामन्याच्या आठवड्याला नफा होतो, हे तुमचं वाक्य खरं आहे आणि त्यातच घोळ आहे. हॅट्रिकचा सीझन १६ आठवड्यांचा. त्यात लीगचे सामने १४, त्यातले ७ घरी आणि ७ बाहेर. पंधराव्या आठवड्यात पात्रता सामने, सोळावा रिकामा. लीगच्या सामन्याचं तिकीट उत्पन्न पूर्ण यजमानाला मिळतं, पाहुण्याला त्यातलं काहीच नाही. म्हणजे लीगच्या तिकिटांचा पैसा १६ पैकी फक्त ७ आठवडे येतो. उरलेल्या ९ आठवड्यांत पगार, स्टाफ, देखभाल, अकॅडमी यातलं काहीही थांबत नाही.

आता तुमचेच आकडे घेऊ. खेळाडूंचे पगार आठवड्याला ७८ हजार, प्रशिक्षक आणि स्टाफ ९ हजार, युथ अकॅडमी १० हजार, दोन स्काऊट (अकॅडमीसाठी पोरं शोधणारे) मिळून १० हजार, स्टेडियमची देखभाल ८ हजार. एकूण खर्च १ लाख १५ हजार. जमेला प्रायोजकांचे ३८ हजार दर आठवड्याला, घरच्या सामन्याचे सरासरी ९२ हजार आणि मैत्रीपूर्ण सामन्यांतून सरासरी ४ हजार.

मैत्रीपूर्ण सामना क्षणभर बाजूला ठेवा. घरच्या आठवड्यात ३८ आणि ९२ मिळून १ लाख ३० हजार आले, १ लाख १५ हजार गेले, १५ हजार उरले. हाच तुमचा नफा. बाहेरच्या आठवड्यात ३८ हजार आले आणि १ लाख १५ हजार गेले, म्हणजे ७७ हजारांचा खड्डा. सात वेळा १५ हजार म्हणजे १ लाख ५ हजार. नऊ वेळा ७७ हजार म्हणजे ६ लाख ९३ हजार. मैत्रीपूर्ण सामन्यांचे सीझनभरातले ६४ हजार जमा धरले तरी सीझनअखेर तूट ५ लाख २४ हजार. आठवड्याला सरासरी ३२,७५०.

११ आठवडे गुणिले ३२,७५० करा. ३ लाख ६० हजार येतात. त्यात खेळाडूंच्या खरेदीचे ६ लाख ८० हजार मिळवा, १० लाख ४० हजार झाले. ९ लाखांवरून उणे १ लाख ४० हजार म्हणजे एवढंच. एकही युरो हरवलेला नाही. हिशेब जुळतोय, फक्त तो आठवड्याच्या पानावर दिसत नव्हता.

आणखी एक गोष्ट बघा. त्या तिघांचे पगार १२, १० आणि ८ हजार, मिळून ३० हजार. ते यायच्या आधी तुमची तूट आठवड्याला जेमतेम पावणेतीन हजार होती. तिसरा क्रमांक आल्यावर प्रेक्षक थोडे वाढले असतील, म्हणून ‘आधी’चा आकडा थोडा इकडेतिकडे होईल हे मान्य. पण ढोबळमानाने हा खड्डा त्या तिघांनीच पाडलाय, आणि तो खरेदीच्या किमतीने नाही, पगाराने. खेळाडू घेताना आपण किंमत बघून घाबरतो आणि पगाराकडे बघतही नाही. खरं तर किंमत एकदाच जाते, पगार दर आठवड्याला जातो.

शिवाय तिघेही परदेशी. आपल्या देशाबाहेर खेळणाऱ्या खेळाडूला २० टक्के जास्त पगार द्यावा लागतो. तुमच्या ३० हजारांतले ५ हजार केवळ पासपोर्टपायी जातायत. सीझनचे ८० हजार. तेवढ्याच ताकदीचा भारतीय खेळाडू बाजारात सहसा महाग मिळतो, कारण आपल्या लीगमध्ये खेळाडू कमी. त्यामुळे परदेशी घेऊच नये असं मी म्हणत नाही. मात्र एक-दोन सीझन ठेवायचा खेळाडू असेल, तर किंमतीतल्या फरकाशेजारी हा २० टक्क्यांचा आकडा मांडून मगच ठरवा. आमच्या कोल्हापुरात तालमींच्या फुटबॉल संघांनीही परदेशी खेळाडू आणून बघितले. शाहू स्टेडियमवर टाळ्या मिळाल्या, आणि मग पेठेत वर्गणीच्या गप्पा सुरू झाल्या.

किती वेळ हातात आहे? ५ लाखांच्या कर्जाची मर्यादा ओलांडली की दिवाळखोरीचा इशारा येतो आणि ठरलेल्या मुदतीत ते कर्ज खाली आणलं नाही तर क्लब हातचा जातो. तुम्ही उणे १ लाख ४० हजारांवर आहात, म्हणजे ३ लाख ६० हजारांची जागा आहे. आताच्या गतीने आणखी ११ आठवडे. कर्जावर व्याज लागतं, म्हणून प्रत्यक्षात थोडे कमीच, आणि त्यात सीझनअखेरचे ते दोन कोरडे आठवडे आले तर अजून कमी. घाबरून उद्या सकाळी निम्मी टीम विकायची गरज नाही. पण पुढच्या घरच्या सामन्यापर्यंत बघू, असंही म्हणू नका. त्या आठवड्याला १५ हजार नफा दिसेल आणि तुमचा निश्चय पुन्हा ढिला पडेल.

इथे एक गोष्ट तुमच्यावर अवलंबून आहे. वर चढायची घाई असेल आणि संधी खरोखर जवळ असेल, तर एखादा सीझन मुद्दाम तुटीत काढता येतो. वरच्या डिव्हिजनात प्रायोजक वाढतात, प्रेक्षक वाढतात. मीही तसा सीझन काढलाय. पण तेव्हा माझ्याकडे तूट भागवायला शिल्लक होती आणि गटात माझ्या तोडीची एकच टीम होती. तुमच्या गटात पहिल्या दोन टीम तुमच्यापेक्षा ठळकपणे बलवान आहेत, असं तुम्हीच लिहिलंय. तिसऱ्या क्रमांकाला बढती नाही, आणि घसरणीच्या जागांपासून तुम्ही इतके लांब आहात की घसरण्याची भीतीही नाही. म्हणजे सध्या आठवड्याला ३२ हजार मोजून तुम्ही तिसरं किंवा फार तर चौथं स्थान विकत घेताय. खऱ्या फुटबॉलमध्ये लीड्स युनायटेडने हेच मोठ्या आकड्यांत केलं. पुढच्या कैक वर्षांच्या तिकीटविक्रीवर ६ कोटी पौंड उचलले, २००१ मध्ये चॅम्पियन्स लीगच्या उपांत्य फेरीपर्यंत गेले, २००४ मध्ये प्रीमियर लीगमधून बाहेर आणि २००७ मध्ये तिसऱ्या स्तरावर. उत्पन्न ‘येणारच आहे’ असं धरून पगार ठरवले, की असं होतं.

आता कुणाला विकायचं. तुमच्या यादीत माझी नजर दोघांवर थांबली.

पहिला तो ३१ वर्षांचा मधल्या फळीतला, १२ हजार पगाराचा. तुम्ही म्हणता, ‘२ लाख ६० हजाराला घेतला, आता ९० हजारसुद्धा येतील की नाही शंका, एवढं नुकसान कसं सोसू?’ नुकसान होऊन गेलंय. ते तुम्ही विकल्याने होणार नाही. तो खेळाडू आजच ९० हजारांचा आहे. पुढचा प्रश्न एवढाच की त्याला ठेवून काय मिळेल. सोळा आठवडे ठेवलात तर त्याला १ लाख ९२ हजार पगार द्याल आणि हाती ३२ वर्षांचा, जवळपास विनामोल खेळाडू राहील. आज विकलात तर ९० हजार जमा आणि १ लाख ९२ हजार वाचले, यातून त्याच्या जागी येणाऱ्या स्वस्त खेळाडूचा पगार वजा करा. ४ हजार पगाराचा कुणी घेतलात तर ते ६४ हजार. दोन पर्यायांत फरक २ लाखांच्या वर जातो, त्या बदल्यात सीझनला कदाचित एखादा सामना हराल.

त्यातही गंमत अशी की तुमचं प्रशिक्षण प्लेमेकिंगचं, म्हणजे मधून खेळ रचण्याच्या कौशल्याचं आहे. या प्रशिक्षणाचा पूर्ण लाभ एका सामन्यात मधल्या फळीतल्या तिघांनाच मिळतो, विंगवाल्यांना, म्हणजे कडेने खेळणाऱ्यांना, निम्मा. आठवड्यात लीगचा एक आणि मधल्या वारी एक असे दोन सामने धरले तर सहा जागा. त्यातल्या एका जागेवर हा ३१ वर्षांचा गडी बसलाय, ज्याला या वयात शिकून काही उपयोग नाही. म्हणजे तो १२ हजार पगार तर घेतोच, वर तुमचं सर्वात सुपीक वाफंही अडवतोय. तिथे १८ वर्षांचं पोर लावा.

दुसरा तो राखीव स्ट्रायकर, ७,५०० पगाराचा, जो गेल्या आठ सामन्यांत दोनदा खेळलाय. ‘दुखापत झाली तर असावा’ म्हणून ठेवलाय, असं तुम्ही म्हणता. दुखापतीसाठी ठेवायचा खेळाडू हजार-पाचशे पगाराचा असतो. सीझनला १ लाख २० हजार हा विम्याचा हप्ता तुमच्या क्लबला परवडत नाही.

या दोघांनी मिळून १९,५०० वाचतात. एक स्काऊट कमी करा, ५ हजार वाचले. अकॅडमी पूर्ण बंद करा असं काहीजण सांगतील. मी सांगणार नाही, पण हे माझ्या आवडीमुळे असेल. अकॅडमीतून चांगला मुलगा निघेलच असं नाही, बरेचदा दोन-दोन सीझन काहीच निघत नाही. पैशाच्या दृष्टीने ती तोट्यातही असू शकते. तुम्हाला ती पोरं बघायची, नावं लक्षात ठेवायची हौस असेल तर चालू ठेवा, पण खर्चाच्या रकान्यात ती ‘हौस’ या नावाखाली लिहा.

आता तूट किती उरली? ३२,७५० मधून २४,५०० गेले, ८,२५० राहिले. जागी आणलेल्या मधल्या खेळाडूचे ४ हजार मिळवा, १२,२५०. सीझनला १ लाख ९६ हजार. हा आकडा शून्यावर आणायची धडपड करू नका, असं माझं मत आहे. कारण तुमच्या क्लबचं चौथं उत्पन्न अजून आपण धरलंच नाही, ते म्हणजे तयार केलेले खेळाडू. सहा जागांवर पोरं शिकवत राहिलात तर सीझनला एक-दोन खेळाडू विकायला तयार होतात. त्यातल्या एकाच्या पैशात ही तूट भागावी आणि दुसऱ्याचे पैसे पुढच्या पोरांत किंवा बांधकामात जावेत, अशी घडी बसली की या स्तरावर क्लब निवांत चालतो. उसाचं बिल आल्यावर सोसायटीचं कर्ज फिटतं, तशी ही वार्षिक तोंडमिळवणी आहे. मात्र बिल यायच्या आधी ते खर्चून मोकळं व्हायचं नाही. ‘या पोराचे ३ लाख येतीलच’ म्हणून आज खरेदी करणं, ही माझी दुसऱ्या सीझनमधली चूक.

तिसऱ्या सीझनमधली चूक तर आणखी मजेशीर होती. एक २९ वर्षांचा फॉरवर्ड घेतला, ४ लाख २० हजारांना. सुंदर खेळाडू, पगार त्याच्या कौशल्याच्या मानाने फारच कमी. मला वाटलं, विकणारा वेडा आहे. पंधरा दिवसांत त्याचा वाढदिवस आला. हॅट्रिकचं वर्ष ११२ दिवसांचं असतं आणि पगार वाढदिवसालाच नव्याने ठरतो. वर्षभर सराव करून वाढलेलं त्याचं कौशल्य पगारात एकदम उतरलं आणि तो ३० वर्षांचाही झाला. पगार वर, किंमत खाली, दोन्ही एकाच सकाळी. वेडा कोण होतं ते कळलं. पुढे तो १ लाख १० हजाराला गेला. तेव्हापासून खेळाडूच्या पानावर मी सगळ्यात आधी वयापुढचे दिवस वाचतो. घेताना वाढदिवस नुकताच झालेला बरा, विकताना तो यायच्या आधी विकलेला बरा. तुमच्या १८ वर्षं १०१ दिवसांच्या पोराबद्दल विचारलंत ना, त्याला विकायचंच असेल तर हे ११ दिवस महत्त्वाचे आहेत. १८ आणि १९ या दोन आकड्यांत खरेदीदाराच्या मनात फार मोठं अंतर असतं.

विकताना वेळ पाळा. बाजारात लावलेला खेळाडू तीन दिवसांनी बरोबर त्याच वेळेला विकला जातो, शेवटच्या तीन मिनिटांत बोली आली तर मुदत तीन मिनिटांनी पुढे सरकते. खेळणारे बहुसंख्य युरोपातले. तुम्ही सकाळी दहाला, ऑफिसला जाता-जाता खेळाडू लावलात तर तीन दिवसांनी त्याची बोली संपेल तेव्हा इटली आणि पोलंड साखरझोपेत असतील. मी रात्री साडेबाराला लावतो. तिकडे तेव्हा संध्याकाळचे आठ किंवा नऊ वाजलेले असतात.

मागच्या महिन्यात माझा एक १९ वर्षांचा मुलगा असाच लावला होता. साडेबाराला दोन मिनिटं कमी असताना बोली १ लाख ३५ हजारांवर अडकलेली. मी स्वयंपाकघरात उभं राहून चहा गरम करत होतो, फोन ओट्यावर. एक स्पॅनिश, एक जर्मन आणि तिसरा कुठला ते ध्यानात नाही, तिघे शेवटच्या मिनिटाला उतरले. मुदत तीन-तीन मिनिटांनी पुढे जात पाऊण वाजला. दरवेळी थोडे थोडे वाढायचे. शेवटी २ लाख ११ हजारांवर थांबलं. तोवर चहा उतू गेला होता. बायको उठून आली, गॅसकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, “हे पैसे घरात येणार असते तर एवढे जागला असतात का?” उत्तर माझ्याकडे नव्हतं.

मात्र एवढ्यावरून रोज घे-रोज विक असा धंदा सुरू करू नका. विक्रीतून दलालाचा हिस्सा जातो आणि खेळाडू तुमच्याकडे जितके कमी दिवस राहिला तितका तो हिस्सा मोठा. खेळाडू लावण्याचे हजार युरो वेगळे. आणि ज्या क्लबने त्याला घडवलं त्यालाही थोडा वाटा जातो. काही लोक या व्यापारावरच जगतात, मान्य. पण ते दिवसाला दोन-तीन तास बाजार चाळतात. तुम्ही आठवड्याला वीस मिनिटं देता, असं लिहिलंय. वीस मिनिटांत प्रशिक्षण होतं, व्यापार होत नाही.

आता स्टेडियम. यात लोक सगळ्यात जास्त पैसा गाडतात, कारण बांधकाम म्हणजे गुंतवणूक असं आपल्या मनात पक्कं बसलंय.

तिकिटांचे दर खेळानेच ठरवलेले आहेत: उभ्याने बघायच्या जागेला ७ युरो, साध्या खुर्चीला १०, छपराखालच्या खुर्चीला १९ आणि व्हीआयपीला ३५. आठवड्याची देखभाल त्याच क्रमाने अर्धा युरो, ०.७, १ आणि अडीच. बांधायचा खर्च ४५, ७५, ९० आणि ३००, शिवाय दरवेळी काम काढलं की १० हजार ठरलेले.

छपराखालची एक खुर्ची घ्या. सात घरचे सामने ती भरली तर १३३ युरो आले. सोळा आठवड्यांची देखभाल १६. उरले ११७, बांधायला लागले होते ९०. एका सीझनच्या आत वसूल. उभ्याची जागा: ४९ उणे ८, म्हणजे ४१, खर्च ४५. सीझनपेक्षा थोडा जास्त वेळ. साध्या खुर्चीला सव्वा सीझन, व्हीआयपीला दीड सीझनच्या आसपास. कागदावर यापेक्षा चांगली गुंतवणूक खेळात नाही, म्हणून सगळे मोहात पडतात. अट एकच, ती जागा सातही वेळा भरली पाहिजे.

तुमच्या जागा भरतायत का? १२ हजारांचं स्टेडियम प्रचलित प्रमाणात बांधलेलं असेल, म्हणजे ६० टक्के उभ्याच्या जागा, साडेतेवीस टक्के साध्या खुर्च्या, १४ टक्के छपराखाली आणि अडीच टक्के व्हीआयपी, तर पूर्ण भरल्यावर १ लाख २१ हजार मिळायला हवेत. तुम्हाला सरासरी ९२ हजार मिळतात. म्हणजे आताचंच स्टेडियम पाऊणभर भरतंय. आणखी ८ हजार जागा त्याच प्रमाणात बांधायला सव्वापाच लाखांच्या आसपास लागतील आणि त्यावर कबुतरं बसतील. रिकाम्या खुर्चीची देखभाल किरकोळ असते, तिचं दुःख नाही. दुःख बांधकामात अडकलेल्या पैशाचं, कारण स्टेडियम परत विकता येत नाही. खेळाडू तरी विकता येतो.

प्रेक्षक कशाने वाढतात, तर चाहत्यांची संख्या, त्यांचा मूड, तक्त्यातलं स्थान आणि त्या दिवशीचं हवामान. पाऊस असला की गर्दी कमी, हे इथेही चुकलेलं नाही. त्यामुळे एखाद्या उन्हाच्या दिवशी स्टेडियम फुल्ल झालं म्हणून लगेच कंत्राटदाराला बोलावू नका. मी स्वतः चार घरचे सामने बघतो आणि चाहत्यांच्या संख्येच्या साधारण वीसपट जागा पुरेशा धरतो. हा माझा अनुभवाचा ठोकताळा आहे, काहीजण याहून जास्त धरतात.

एक शक्यता मात्र तपासण्यासारखी आहे. एकूण गर्दी पाऊणभर असली तरी छपराखालच्या जागा प्रत्येक वेळी संपत असतील आणि उभ्याच्या ओस पडत असतील. तसं असेल तर आठ हजारांचं सोडा, फक्त छपराखालच्या ५०० जागा वाढवा. ४५ हजार अधिक ठरलेले १० हजार, मिळून ५५ हजार. भरल्या तर सीझनला ५८,५०० निव्वळ. पण हेसुद्धा शिल्लक शून्याच्या वर आल्यावर. कर्जावर व्याज भरत असताना विटा आणायच्या नाहीत.

थोडक्यात क्रम असा ठेवा. या आठवड्यात ते दोघे रात्रीच्या मुदतीने बाजारात, एक स्काऊट कमी. पुढचे चार आठवडे काहीही विकत घ्यायचं नाही, फक्त मधल्या फळीत एक स्वस्त खेळाडू आणि एक शिकणारं पोर. मग एका कागदावर, एक्सेलमध्ये, कशातही, १६ ओळी आखा आणि येणाऱ्या प्रत्येक आठवड्याचं सामन्याचं ठिकाण आधीच लिहून टाका: घर, बाहेर, घर. समोर अंदाजे शिल्लक. खेळाडूंच्या खरेदी-विक्रीला वेगळा रकाना द्या. तो आठवड्याच्या खर्चात मिसळला की पुन्हा तुम्हाला नफा झाल्याचा भास होईल. त्या १६ पैकी कुठल्या ओळीवर शिल्लक सर्वात खाली जाते ते बघा. माझ्या अंदाजाने तो तुमचा सोळावा आठवडा असेल.

आणि स्टेडियमबद्दल पक्कं सांगायला मला तुमच्या शेवटच्या चार घरच्या सामन्यांत चारही प्रकारच्या किती जागा विकल्या गेल्या ते लागेल. सामन्याच्या अहवालात असतं. ते आकडे आणि त्या दिवशीचं हवामान इथेच टाका, शनिवारी सुट्टी आहे, बघतो.